बरी झाल्याचा दाखला

नाकातली काडी अजूनही हो म्हणते.
पाच आठवडे झाले, ताप कधीच उतरला,
मी तीन जिने न थांबता चढते.
खरं सांगायचं तर दुसऱ्यावर थांबते,
पिशवी या हातातून त्या हातात घेण्याचं निमित्त करून.
पण काडीला काय त्याचं.
ती हो म्हणते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
झुल्मिरा, हे मेलेल्या विषाणूचे तुकडे,
पाहुणे गेल्यावर चादरीत राहतो ना चुरा, तसले.
त्यांनी कागदावर लिहून दिलं,
शिक्का मारला, ओल्या शिक्क्यावर फुंकर घातली
आणि मग दोघींनाही एकदम आठवलं
की दुसऱ्याच्या कागदावर फुंकर घालायचे
दिवस नाहीत हे.

माझ्याकडे आता तीन दाखले.
एक जन्माचा, त्यात वडिलांच्या नावाची जागा कोरी.
एक आन्तेरोच्या मृत्यूचा, रॉटरडॅम बंदराच्या दवाखान्याने दिलेला,
चारच ओळी, त्यात त्याची उंची का लिहिली कोण जाणे.
आणि हा.
बरी झाल्याचा.

बरी.
चांगली नव्हे, ठणठणीत तर नव्हेच.
पावाच्या रांगेत कुणी कशी आहेस विचारलं
तर पुढे सरकता सरकता सांगतात
तेवढीच.

काउंटरमागच्या पोराने काचेआड बोटांवर दिवस मोजले.
अकराव्यापासून एकशेऐंशीव्यापर्यंत चालतं म्हणाला.
मी छत्तिसावी.
काही लक्षणं?
मी मान हलवली, नाही.
वास येत नाही हे सांगितलं नाही.
नाकाबद्दल त्याने विचारलंही नसतं,
दोघांचीही नाकं झाकलेली.

लिस्बनला रात्र बाकावर.
बंद दुकानांच्या उजेडात
फ्रौके आठवली, शेजारच्या खाटेवरची.
आम्ही दोघी एकाच भिंतीतून श्वास घेत होतो,
दोन नळ्या, एकच भोक.
ती सुटून तेनेरिफला जाणार होती,
पिवळी टोपी घेऊन ठेवलेली, नातीला फोनवर दाखवायची.
एका पहाटे तिला दुसरा दाखला मिळाला.
टोपीचं काय झालं
हे मी कुणाला विचारलं नाही.
कोणत्या तोंडाने विचारायचं.

दुसऱ्या विमानात घशाशी साधी खसखस.
साधीच.
पण तीन रांगा मागे वळल्या.
चार तास मी खोकला पाण्याबरोबर गिळत गेले,
चोरलेली साखर गिळावी तशी,
आणि खाली नुसता समुद्र, समुद्र,
ज्याला कुणी दाखला मागत नाही.

मिंदेलोला वारा तोच. स्कर्ट आवरू की कागद?
कागद आवरला.
इव्हान्द्रा कुंपणापाशी उभी, सहा वर्षांनी,
केस पांढरे, हात पाठीमागे बांधलेले.
जवळ येईना.
मुलं आहेत गं घरात, म्हणाली, आणि रडायला लागली,
लांबूनच.

मी दाखला काढून दिला.
तिने चष्मा लावला.
डच भाषेतला कागद, तिला त्यातलं ओ की ठो कळेना,
तरी पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत
ओठ हलवत वाचला,
शिक्क्यावर अंगठा फिरवून बघितला, निघतोय का.
निघाला नाही.
मग तिने कागदाची घडी घातली, आपल्या पोलक्यात खोचली
आणि मला इतकं घट्ट धरलं
की जे काही दुसऱ्या जिन्यावर अडकलेलं होतं
ते तिथेच खोकून निघालं,
तिच्या खांद्यावर,
आणि ती हलली नाही.

घरी माझ्यासाठी तिने फोगोची कॉफी भाजली, तव्यावर, स्वतः.
गल्लीतली पोरं दारात वास घेत उभी.
मला जळक्या टायरचा वास आला.
म्हणजे आला, एवढं तरी.
कशी झालीय?
मी दुसरा कप पुढे केला.

दाखला तिने साखरेच्या डब्याखाली ठेवलाय.
म्हणते, यातलं मला काही कळलं नाही बाई,
पण अक्षर चांगलं आहे.